लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन: मोठ्या कुत्र्याला काय आणि किती खायला घालायचं

लॅब्राडॉरचं पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम चारशे ग्रॅमचं असतं आणि वर्षभरात तीस किलोच्या आसपास जातं. ग्रेट डेन अर्ध्या-पाऊण किलोवरून साठ किलोपर्यंत पोचतो, तेही दीड-दोन वर्षांत. माणसाच्या पोराला ज्या वाढीसाठी सोळा-सतरा वर्षं मिळतात, ती यांच्या हाडांना एवढ्या थोड्या दिवसांत उरकावी लागते. त्यामुळे लहान कुत्र्याच्या बाबतीत खपून जाणाऱ्या खाण्यातल्या चुका इथे खपत नाहीत. त्या खुब्यात, कोपरात, खांद्यात जाऊन बसतात.

मोठी जात म्हणजे पूर्ण वाढल्यावर साधारण २५ किलोच्या पुढे जाणारी. लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, डॉबरमन हे त्यात आले. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मॅस्टिफ हे त्याहून थोराड. लहान जातीची वाढ आठ-दहा महिन्यांत संपते, लॅबची बारा ते अठरा महिने चालते आणि थोराड जातींची दोन वर्षांपर्यंत.

पहिल्यांदाच असं पिल्लू आणणाऱ्याने एक गोष्ट मनात पक्की धरावी. कुत्रा किती मोठा होणार हे त्याच्या आईबापाकडून ठरून आलेलं असतं. जास्त खायला घालून तो आणखी मोठा होत नाही, फक्त लवकर मोठा होतो. आणि लवकर मोठं होणं हेच या जातींना बाधतं: वजन आधी वाढतं, ते पेलणारे सांधे मागे राहतात. गुबगुबीत पिल्लू सोसायटीत सगळ्यांना गोड वाटतं, शेजारचे काका "वा, चांगलं पोसलंय" म्हणतात. त्या कौतुकाकडे दुर्लक्ष करायला शिका.

अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरांवर एक प्रयोग झाला होता. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं, तेही जन्मभर. २००२ साली निष्कर्ष छापून आले. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. सांध्यांची झीजही कमी खाणाऱ्यांत बरीच उशिरा दिसली. कमी खाणाऱ्यांची उपासमार चालली होती असं नाही, आणि दुसऱ्या गटातले फार लठ्ठही नव्हते. आपल्याकडे ज्याला "छान भरलाय" म्हणतात, तसे होते.

पायरी पहिली: वजन करा आणि बरगड्या चाचपा

खाणं विकत घेण्याआधी हे करा. बाथरूमच्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग पिल्लाला उचलून उभे राहा, वजाबाकी करा. सहा महिन्यांपर्यंत दर आठवड्याला एकाच वारी, सकाळी खाण्याआधी. पिल्लू वीस किलोच्या पुढे गेलं की ही कसरत जमत नाही. मग दवाखान्यातला जमिनीवरचा काटा बरा. नुसतं वजन करायला गेलं तर बहुतेक डॉक्टर काही घेत नाहीत, आणि कुत्र्यालाही "दवाखाना म्हणजे सुई" असं वाटणं कमी होतं.

आकडा वहीत लिहा, पण निर्णय हातांनी घ्या. कुत्रा उभा असताना दोन्ही तळवे त्याच्या छातीच्या बाजूंवर सपाट ठेवा आणि न दाबता मागे-पुढे फिरवा. आता स्वतःच्या हाताशी तुलना करा. मूठ वळून बोटांच्या सांध्यांवर बोट फिरवलं की जे टोचतं, तशा बरगड्या लागल्या तर कुत्रा बारीक आहे. हात सपाट पसरून त्याच्या पाठच्या बाजूवर फिरवलं की हाड लागतं पण वर पातळ आवरण जाणवतं, हे हवं. हात उलटा करून तळव्याच्या मांसल भागासारखं लागलं, म्हणजे बरगडी शोधावी लागली, तर खाणं कमी करायची वेळ झाली. शिवाय वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे, बाजूने पाहिल्यावर पोट मागच्या पायांकडे वर गेलेलं दिसलं पाहिजे. डॉक्टर हेच नऊ अंकांच्या मापात सांगतात. ४ किंवा ५ म्हणजे उत्तम. वाढत्या मोठ्या पिल्लाला ४ वरच ठेवा.

लॅब आणि गोल्डनच्या दाट केसांमुळे डोळा फसतो, म्हणून हात लावल्याशिवाय मत बनवू नका. उलट कारवानी किंवा मुधोळ कुत्रा पाळत असाल तर लोकांचे टोमणे ऐकायची तयारी ठेवा. पळणाऱ्या शिकारी जातीच्या या कुत्र्यांच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं तब्येत उत्तम असतानाही दिसतात. "याला खायला देत नाही का?" असं विचारणाऱ्याला हसून सोडून द्या.

पायरी दुसरी: पाकीट निवडा

पहिल्या वर्षी मी घरचं शिजवण्यापेक्षा चांगलं तयार ड्राय फूड सुचवेन. कारण पुढे घरच्या शिजवलेल्या खाण्याच्या भागात येईल. दुकानात गेलात की पाकिटाची पुढची बाजू, म्हणजे लांडग्याचं चित्र आणि गाजर-मटारचे फोटो, सोडा आणि मागची बाजू वाचा.

आधी ते खाणं कोणत्या वयासाठी "संपूर्ण आणि संतुलित" आहे ते शोधा. अमेरिकी एएएफसीओ किंवा युरोपीय फेडिआफ या संस्थांचे निकष पाळल्याचा उल्लेख असतो. एएएफसीओच्या वाक्यात वाढीच्या वयाबरोबर "मोठ्या आकाराच्या कुत्र्यांची वाढ" धरली आहे की वगळली आहे हे स्पष्ट लिहिलेलं असतं. तिथे मोठा कुत्रा म्हणजे पूर्ण वाढल्यावर ७० पौंड, म्हणजे सुमारे ३२ किलो किंवा त्याहून जास्त. तुमचं पिल्लू त्यात बसत असेल आणि पाकिटावर मोठे कुत्रे वगळलेले असतील, तर ते पाकीट परत फळीवर ठेवा.

मग कॅल्शियम. एएएफसीओच्या निकषात मोठ्या जातीच्या पिल्लांच्या खाण्यात, पाणी वगळून उरलेल्या भागात, कॅल्शियम किमान १.२ आणि कमाल १.८ टक्के असावं असं म्हटलंय. बाकीच्या कुत्र्यांसाठी कमाल मर्यादा २.५ टक्के आहे. फरक लक्षात घ्या: लहान जातीच्या पिल्लाला चालणारं पाकीट तुमच्या डेनला चालेलच असं नाही. पाकिटावरचा आकडा पाण्यासकट असतो. ड्राय फूडमध्ये साधारण १० टक्के पाणी असतं, म्हणून तो आकडा ०.९ ने भागा. पाकिटावर १.२ लिहिलं असेल तर खरा आकडा १.३३.

प्रथिनांना घाबरू नका. "जास्त प्रोटीनने पाय वाकडे होतात" हे पार्कमध्ये हमखास ऐकायला मिळतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांवर नेमका हा प्रयोग झाला आणि प्रथिनांचा हाडांच्या बिघाडाशी संबंध दिसला नाही. बिघाड होतो तो जास्त उष्मांकांमुळे आणि जास्त कॅल्शियममुळे. याच गैरसमजातून काही जण पिल्लाला चार महिन्यांपासूनच पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचं खाणं सुरू करतात. त्यात उष्मांक कमी असल्याने पिल्लू जास्त खातं आणि कॅल्शियम नको तेवढं पोटात जातं. 'लार्ज ब्रीड पपी' असं लिहिलेलं खाणं वाढ संपेपर्यंत चालू ठेवा. लॅबला साधारण बारा ते अठरा महिने, डेनला अठरा ते चोवीस.

'ग्रेन फ्री' या दोन शब्दांसाठी जादा पैसे मोजू नका. कडधान्यं आणि बटाटा भरपूर असलेल्या अशा खाण्यांचा आणि हृदयाचे स्नायू ताणून कमजोर होण्याच्या आजाराचा संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०१८ साली सुरू केली होती. तिथे आलेल्या तक्रारींत गोल्डन रिट्रीव्हर बरेच होते. कारणाचा पक्का उलगडा झालेला नाही, पण भात-ज्वारी पचवणाऱ्या कुत्र्याला धान्य बंद करायचं कारणही नाही.

सुटं ड्राय फूड, पोत्यातून काढून किलोवर विकतात ते, अजिबात घेऊ नका. पोतं कधी फोडलं ते कळत नाही, वर लेबल नसतं.

नवं खाणं एका दिवसात बदलू नका. ज्यांच्याकडून पिल्लू आणलं त्यांच्याकडून पाच-सहा दिवसांचं जुनं खाणं मागून घ्या आणि आठ-दहा दिवसांत पाव, अर्धं, पाऊण असं नवं वाढवत न्या. शी घट्ट असावी, उचलताना जमिनीला चिकटू नये. पातळ झाली तर दोन दिवस मागच्या प्रमाणावर थांबा.

पायरी तिसरी: किती घालायचं ते मोजा

"दोन वाट्या" हे माप नव्हे. वाटी घराघरात वेगळी, आणि त्याच वाटीत बाबा काठोकाठ भरतात, आजी शीग लावतात. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्या. एकदा त्या दिवसाचं सगळं खाणं वजन करून डब्यात काढून ठेवलं की घरातल्या कुणीही घातलं तरी हिशेब चुकत नाही.

पाकिटावरचा तक्ता सुरुवातीला ठीक आहे, पण तो बहुधा सढळ असतो. स्वतः हिशेब करायचा तर साध्या कॅल्क्युलेटरवर होतो. वजनाला त्याच वजनाने दोनदा गुणा, मग वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा, आलेल्या आकड्याला ७० ने गुणा. ३० किलोच्या कुत्र्यासाठी ३० गुणिले ३० गुणिले ३० म्हणजे २७,०००. वर्गमूळ १६४, पुन्हा वर्गमूळ १२.८, गुणिले ७० म्हणजे सुमारे ९००. नुसतं पडून राहायला त्या कुत्र्याला एवढे किलोकॅलरी लागतात. नसबंदी झालेल्या, सकाळ-संध्याकाळ फिरणाऱ्या घरगुती कुत्र्यासाठी याला १.४ ते १.६ ने गुणा: साधारण १,२५० ते १,४५०. पिल्लासाठी चार महिन्यांपर्यंत ३ ने, त्यानंतर २ ने. १०० ग्रॅम ड्राय फूडमध्ये साधारण ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात. तुमच्या पाकिटावर नेमका आकडा मिळेल.

आता एक गंमत बघा. सहा महिन्यांच्या २० किलोच्या लॅबसाठी हा हिशेब सुमारे १,३०० वर येतो. म्हणजे सहा महिन्यांचं पोर आणि पूर्ण वाढलेला ३० किलोचा कुत्रा जवळपास सारखंच खातात, दिवसाला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास! बहुतेक घरी इथेच गाडं बिघडतं. पिल्लू वाढतंय म्हणून दर महिन्याला मूठभर वाढवत नेतात आणि वर्षाच्या वाढदिवसाला लॅब चाळीस किलोचा असतो. सहा महिन्यांनंतर खाणं वाढवायचं असेल तर आधी बरगड्यांना हात लावा.

हिशेबाचा आकडा ही फक्त सुरुवात. दोन आठवडे घाला, वजन करा, चाचपा, मग १० टक्क्यांनी वरखाली करा. नसबंदीनंतर गरज २० ते ३० टक्क्यांनी उतरते आणि भूक मात्र वाढते, हे आधीच माहीत असलेलं बरं.

वरखाऊ दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांपलीकडे नको. ३० किलोच्या कुत्र्याला हे सुमारे १३० किलोकॅलरी झाले, म्हणजे तूप न लावलेली एक पोळी. चहाबरोबर पाच-सहा ग्लुकोज बिस्किटं गेली की कोटा संपला. गाजर, काकडी, फरसबी द्या. लॅबला त्यातही तेवढाच आनंद. आणि लॅब सतत भुकेला दिसतो याला एक कारणही आहे. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं की सुमारे चौथा हिस्सा लॅब्राडॉरांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि हे कुत्रे खाण्याच्या जास्त मागे लागतात. तुमच्या ताटाशेजारी बसून लाळ गाळणारा कुत्रा भुकेला असेलच असं नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

पायरी चौथी: वेळा, भांडं आणि पोटाचा पीळ

दोन ते चार महिने दिवसातून चार किंवा तीन वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, त्यानंतर जन्मभर दोन वेळा. भांडं पंधरा मिनिटांनी उचला. दिवसभर भरून ठेवलेलं भांडं मोठ्या जातीला नकोच. पाणी मात्र कायम भरलेलं: ड्राय फूड खाणारा ३० किलोचा कुत्रा दिवसाला दीड-दोन लिटर सहज पितो, उन्हाळ्यात जास्त.

एकच मोठं जेवण टाळायचं याला गंभीर कारण आहे. खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये, म्हणजे ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, जर्मन शेफर्ड, डॉबरमन वगैरेंत, जठर हवेने फुगतं आणि स्वतःभोवती पीळ घेतं. रक्तपुरवठा तुटतो. काही तासांत कुत्रा दगावतो. भराभर खाणं, दिवसातून एकदाच भरपूर खाणं, वाढतं वय, आईबापांत किंवा भावंडांत कुणाला हे झालेलं असणं, यांनी धोका वाढतो. भराभर खाणाऱ्यासाठी आत उंचवटे असलेलं भांडं घ्या किंवा खाणं मोठ्या परातीत पसरून द्या. उंच स्टँडवरची भांडी "मोठ्या कुत्र्यांसाठी" म्हणून विकतात, पण २००० साली पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात उंच भांड्याने धोका वाढलेला दिसला होता. मानेचा किंवा कोपराचा त्रास नसेल तर भांडं जमिनीवरच असू द्या. जेवणानंतर तासभर पळापळ नको. याचा पुरावा तितका ठोस नाही, पण पाळण्यात तोटाही नाही.

लक्षणं घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: कुत्रा ओकायला बघतो पण फेसाशिवाय काही पडत नाही, पोट टणक होतं, लाळ गळते, एका जागी बसवत नाही. ओवा-सोडा देत बसू नका, सकाळची वाट पाहू नका. रात्री शस्त्रक्रिया करणारा दवाखाना जवळपास कुठे आहे हे पिल्लू आणल्या आठवड्यातच शोधून नंबर फ्रिजवर लावा. डेन पाळणाऱ्यांनी नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला आतून शिवून ठेवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

कॅल्शियमची बाटली

इथे जरा थांबू, कारण आपल्याकडे मोठ्या पिल्लांचं सर्वांत जास्त नुकसान याच बाटलीने होतं. पिल्लू विकणारा सांगतो, "हाडं मजबूत व्हायला रोज दोन चमचे." दुकानदार पाकिटाबरोबर सिरप पुढे करतो. मग चौथ्या महिन्यात पुढचे पाय जरा वाकडे दिसले की कुणीतरी "मुडदूस झालाय" असं ठरवून डोस दुप्पट करतं.

आतली गोष्ट अशी आहे. पूर्ण वाढलेला कुत्रा खाण्यातून नको असलेलं कॅल्शियम आतड्यातच सोडून देतो. पिल्लाला साधारण सहा महिन्यांपर्यंत हे नीट जमत नाही. जेवढं पोटात जाईल त्यातला बराच भाग शरीरात शिरतो. उट्रेख्तमध्येच १९८०च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांना जादा कॅल्शियम दिलं, तेव्हा कूर्चेचं हाड वेळेवर होईना, सांध्यांतल्या कूर्चेचे पापुद्रे सुटू लागले, हाडं वाकडी वाढू लागली. म्हणजे ज्या भीतीने बाटली आणतो तेच बाटलीने होतं. तयार पपी फूड खाणाऱ्या पिल्लाला वेगळं कॅल्शियम नको, हाडांची भुकटी नको, कॅल्शियमवाली हाडाच्या आकाराची बिस्किटंही नकोत.

मग पाय वाकडे का दिसतात? एखाद्या फ्लॅटमध्ये चार महिन्यांचं शेफर्डचं पिल्लू चालताना बघा. गुळगुळीत टाइल्सवर त्याचे चारही पाय बाहेर सरकतात, नखं टकटक वाजतात, पंजे पसरतात, सोफ्याजवळ वळताना मागचा भाग एका बाजूला घसरतो. त्यात पिल्लू दोन किलोने जड असेल तर मनगटं आत वाकतात. अशा वेळी आधी चटया किंवा रबरी मॅट अंथरा, नखं कापा, खाणं १० टक्के कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. एक्स-रे न काढता कुणी कॅल्शियम लिहून दिलं तर दुसरं मत घ्या.

घरातली ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची पाकिटंही कुलपात ठेवा. माणसाला आठवड्यातून एकदा देतात ते एक पाकीट दहा किलोच्या पिल्लाच्या पोटात गेलं तर रक्तातलं कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर जाऊन मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कॉड लिव्हर तेलातही अ आणि ड जीवनसत्त्व असतं. सांध्यांसाठी डॉक्टर सुचवतात ते माशाचं तेल वेगळं, त्याच्या जागी हे देऊ नका.

घरचं शिजवलेलं घालायचं असेल तर

दूध-पोळी हे आपलं पिढ्यान्‌पिढ्यांचं कुत्र्याचं जेवण. वाड्यातल्या किंवा मळ्यावरच्या गावठी कुत्र्याचं त्यावर भागलं, कारण ते बाकीचं बाहेर मिळवायचं. फ्लॅटमधल्या रॉटवायलरला ती सोय नाही. दुधातली साखर बऱ्याच वाढलेल्या कुत्र्यांना पचत नाही, हगवण लागते. त्यापेक्षा दोन चमचे दही चालतं. दुसरं टोक म्हणजे नुसतं चिकन-भात. चिकनच्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीसपट फॉस्फरस असतो. त्यावर वाढणारं पिल्लू रक्तातली पातळी राखायला स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम उपसतं आणि सोफ्यावरून उडी मारताना पाय मोडतो. म्हणजे एकीकडे जास्तीचं नको, दुसरीकडे कमीही नको, आणि ही मधली रेघ घरच्या पातेल्यात सांभाळणं अवघड. म्हणून पहिलं वर्ष तयार खाणं.

पूर्ण वाढलेल्या ३० किलोच्या कुत्र्यासाठी दिवसाचा अंदाज असा: शिजलेलं बिनहाडाचं चिकन ३०० ग्रॅम, शिजलेला भात ३५० ग्रॅम, कलेजी ३० ग्रॅम, एक उकडलेलं अंडं, लाल भोपळा-गाजर-फरसबी मिळून १५० ग्रॅम, तेल दोन छोटे चमचे. हे साधारण साडेबाराशे किलोकॅलरी होतात. वर अंड्याच्या टरफलाची बारीक पूड एक सपाट छोटा चमचा, ज्यात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. टरफलं उकळून, वाळवून, मिक्सरमधून पिठासारखी काढा. मसाला, मीठ, कांदा-लसूण काही नाही. एवढं करूनही जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व कमी पडतात. त्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेली घरच्या खाण्यात मिसळायची भुकटी लागतेच. कलेजी रोज वाटीभर घालू नका, अ जीवनसत्त्व साठत जातं. वजडी चालते, नीट धुऊन शिजवलेली. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. धान्य म्हणून चांगली, पण नाचणीवर कॅल्शियमचा सगळा भार टाकू नका.

शाकाहारी घरांत प्रश्न येतो. पूर्ण वाढलेला कुत्रा संतुलित तयार शाकाहारी खाण्यावर राहू शकतो. वाढत्या डेनला वरण-भात-पनीरवर वाढवायचं असेल तर माझं उत्तर नाही असंच आहे. मांस घरात नको असेल तर बंद पाकिटातलं ड्राय फूड घ्या, किंवा लहान जातीचा विचार करा.

स्वयंपाकघरातले धोके

द्राक्षं आणि बेदाणे सर्वांत वर. थोड्या प्रमाणातही काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात, आणि कुणाला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही. सत्यनारायणाचा शिरा, मोदकाचं सारण, पुलाव, सगळीकडे बेदाणे असतात. "प्रसादच आहे, थोडासा" म्हणणाऱ्या मावशींना आधीच सांगा. नाशिक-तासगावकडे बागेत मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांवर तोडणीच्या दिवसांत नजर हवी. यामागे टार्टारिक आम्ल असल्याचा संशय आहे आणि ते चिंचेत भरपूर असतं, म्हणून चिंच घातलेली आमटीही लांब ठेवा.

कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात, शिजवला तरी. रविवारचा रस्सा-भात यात आला. चॉकलेट, दारू, आंबत घातलेली मैद्याची कणीक, बिनसाखरेच्या च्युइंगगममधलं झायलिटॉल ही विषं. शिजवलेली हाडं, विशेषतः चिकनची आणि मटणाची नळी, चिरफळ्या होऊन आतडं फाडतात. मे महिन्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात दाणे खाऊन टाकलेलं मक्याचं कणीस लॅब अख्खं गिळतो आणि ते आतड्यात अडकतं. दोन्हींनी पोट उघडायची वेळ येते. दिवाळीत तुपातलं, तळणीतलं फार खाऊन स्वादुपिंडाला सूज येते.

ऋतू आणि साठवण

३० किलोच्या कुत्र्याला १५ किलोचं पोतं सहा आठवड्यांच्या आसपास संपतं, तेवढंच मोठं घ्या. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर लहान पाकिटं परवडतात, कारण दमट हवेत ड्राय फूडला बुरशी येते आणि बुरशीचं विष यकृतावर जातं. खाणं मूळ पाकिटातच ठेवून ते पाकीट झाकणाच्या डब्यात ठेवा. थेट डब्यात ओतलं की तळाला जुनं तेल साचून खवट होतं. एप्रिल-मेमध्ये कुत्रा कमी खातो, ते चालतं. सकाळी सहाच्या आधी आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर घाला.

वय झाल्यावर

लॅब-शेफर्ड सात-आठव्या वर्षी आणि डेन पाच-सहाव्या वर्षी उतरणीला लागतात. वय झालं म्हणून प्रथिनं कमी करू नका. मूत्रपिंडाचा आजार रक्त-लघवीच्या तपासणीत निघाला तरच डॉक्टर तसं सांगतील. नाहीतर मागच्या पायांचे स्नायू गळतात आणि कुत्रा उठताना धडपडतो. कमी करायचे ते उष्मांक. सांध्यांनी लंगडणाऱ्या लठ्ठ कुत्र्याचं वजन सहा-आठ टक्क्यांनी उतरलं तरी चालण्यात फरक दिसतो. ४० किलोच्या लॅबसाठी ते अडीच-तीन किलो झाले. आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास उतरवा, त्याहून घाईने नको.

म्हाताऱ्या कुत्र्याची भूक मंदावली तर खाण्यावर कोमट पाणी घाला, वास उठतो. शेफर्ड किंवा डेनने लागोपाठ दोन वेळा तोंड फिरवलं तर डॉक्टरांना दाखवा. लॅब्राडॉर असेल तर एका जेवणालाच फोन करा.